गाव ते कॉलेज: तीन गाड्या, तीन किराये, मग एक पास का नाही?

रामबागकर

मंडळी, नमस्कार. विषय रुक्ष आहे, पण आपल्या इंदूरच्या आसपासच्या निम्म्या घरांचा आहे.

मी शिकवतो त्या कॉलेजात जुलैत वर्ग भरलेला असतो आणि दिवाळीनंतर मागचे बाक ओस पडू लागतात. गळणारी मुलं बहुतेक बाहेरगावची. देपालपूर, सांवेर, हातोद, मानपूर या बाजूंच्या खेड्यांतली. फी माफ झालेली असते, पुस्तकं वाचनालयातून मिळतात, तरी मुलगा येईनासा होतो. विचारलं की उत्तर एकच: "सर, किराया."

हा किराया कसा लागतो ते बघा. गावातून फाट्यापर्यंत मॅजिक किंवा तुफान, म्हणजे सवाऱ्यांची छोटी खासगी गाडी. ती भरल्याशिवाय हलत नाही. फाट्यावरून खासगी बस, ती शहरातल्या गंगवाल किंवा सरवटे स्टँडला आणून सोडते. तिथून भंवरकुआंच्या कॉलेजपर्यंत सिटी बस. पहिल्या दोन गाड्यांत तिकीट नावाचा कागद हातात पडला तर नशीब. सिटी बसचा पास निघतो, पण तो चालतो शहराच्या वेशीपासून पुढे. पोरगा बिचारा वेशीपर्यंतच्या किरायानंच दमलेला असतो.

थोडी पार्श्वभूमी. २००५ मध्ये शासनानं राज्य परिवहन निगम गुंडाळायचं ठरवलं. तेव्हापासून मध्य प्रदेशातल्या खेड्यांची वाहतूक खासगी मालकांच्या परमिटांवर चालते. दर सरकार ठरवतं (२०२१ मध्ये किलोमीटरला सव्वा रुपया झाला), गाडी मालकाची आणि पास कोणाचाच नाही. आता १ एप्रिल २०२५ ला मंत्रिमंडळानं 'मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा' मंजूर केली. त्यासाठी १०१.२० कोटींचं भागभांडवल ठेवलं. बस खासगी मालकांच्याच राहतील. मार्ग, वेळा, तिकीट आणि देखरेख सरकारी कंपनी बघेल, अशी ती रचना.

कायद्याची अडचण म्हणाल तर ती उरलेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनं तिसरं पोटकलम आलं. त्यानुसार राज्य सरकार चालू परमिटांत बदल करू शकतं, नव्या योजना आखू शकतं. कशासाठी, त्याची यादीच दिलेली आहे. त्यात ग्रामीण वाहतूक आहे आणि एका साधनातून दुसऱ्या साधनात जाण्याची सोय जोडणंही आहे.

माझं म्हणणं एवढंच की सुरुवात ॲपनं करू नका, पासानं करा. जिल्ह्याचे तीन पट्टे पाडा: शहर, शहरालगतची गावं, उरलेला जिल्हा. प्रत्येकाला महिन्याचा एक पास द्या आणि तो मॅजिकपासून सिटी बसपर्यंत चालू द्या. हे स्वप्नरंजन नाही. २००६ मध्ये इंदूरची सिटी बस सुरू झाली तेव्हा गाड्या वेगवेगळ्या खासगी ऑपरेटरांच्या होत्या. तरी मासिक पास एकच होता, त्याचे पैसे एका जागी जमायचे आणि ऑपरेटरांत वाटले जायचे. देशभरातून लोक ते बघायला यायचे. शहराच्या आत जमलं ते वेशीबाहेर का जमू नये?

---

तिरकस

मेट्रो आली आहे ना! देपालपूरच्या पोरानं आधी शहराच्या कडेच्या सुपर कॉरिडॉरला यावं, मग तिथं वातानुकूलित डब्यात बसून 'आपण शहरात नेमके कुठे आलो' याचं चिंतन करावं.

---

रामबागकर

तिरकसराव, ३१ मे २०२५ ला सुरू झालेला मेट्रोचा टप्पा जेमतेम सहा किलोमीटरचा आहे, त्याच्या नावानं आत्ताच बोटं मोडायला नकोत. पण मुद्दा खराय. बीआरटी (बसची राखीव मार्गिका) आली तेव्हा पास निराळा, मेट्रो आली तिचं तिकीट निराळं. बीआरटी निघालीसुद्धा, आणि गावच्या बसचा विचार कशातच झाला नाही.

---

हिशेबी

व्यवसायानं सीए, म्हणून आधी आकडे.

सरकारी दर असा: पहिल्या पाच किलोमीटरला ७ रुपये, पुढे किलोमीटरला १.२५. समजा गाव ते कॉलेज ३६ किमी आहे. एकाच गाडीनं आलं तर ७ अधिक ३१ गुणिले १.२५, म्हणजे ४५ रुपये ७५ पैसे. आता त्याच प्रवासाचे तुकडे करा: ४ किमी, २२ किमी आणि १० किमी. पहिल्याचे ७, दुसऱ्याचे २८.२५, तिसऱ्याचे १३.२५. बेरीज ४८.५०.

फरक पावणेतीन रुपये! गाडी बदलल्यामुळे किराया फुगतो हे सरकारी दरानं तरी सिद्ध होत नाही. मग मुलाचे पैसे जातात कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी. एक, मॅजिकवाला सरकारी दर जुमानत नाही, चार किलोमीटरला त्याच्या मनाला येईल ते घेतो. दोन, रोज येणाऱ्यालाही रोज पूर्ण किराया पडतो. ४८.५० जाऊन-येऊन ९७, महिन्याचे २४ दिवस धरले तर २,३२८ रुपये. खेड्यातल्या घराला हा आकडा जड आहे, मग तिकिटं तीन असोत की एक.

तेव्हा 'एकत्रित तिकीट' हे नाव बाजूला ठेवा. खरी मागणी रोजच्या प्रवाशाला घाऊक दर, ही आहे.

---

महूचा मध्या

मामांच्या दोन बस आहेत, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. शिव्या नंतर द्या.

बसमालक म्हणजे गब्बर असा तुमचा समज असेल. टॅक्स दर सीटमागे दरमहा भरायचा, गाडी रिकामी धावली तरी. विमा, फिटनेस, परमिट, टायर. डिझेलचं तर विचारूच नका, पंपावर उधारीचं खातं असतं आणि रोजच्या गल्ल्यातून ते फेडायचं. ड्रायव्हर, कंडक्टर, क्लीनर तिघांची दिवसाची मजुरी संध्याकाळी त्याच गल्ल्यातून सुटते. म्हणजे सकाळी खिसा रिकामा, दिवसभराच्या सवाऱ्यांवर गाडी पळणार. म्हणून टायमिंगवरून मारामाऱ्या होतात. माझ्या पुढच्या गाडीनं फाट्यावर पाच मिनिटं जास्त काढली तर ती माझ्या सवाऱ्या उचलते. तुम्हाला ती बेशिस्त दिसते, मामांना ते डिझेलचे पैसे दिसतात.

आता यात पासवाला पोरगा आला. तो सकाळी गर्दीच्या वेळी सीटवर बसणार आणि नगद देणारा उभा राहणार. मामांच्या हातात काय? "नंतर मिळेल." कोणाकडून? "कंपनीकडून." कधी? इथं सगळे गप्प. विद्यार्थ्यांना अर्धा किराया आजही बरेच कंडक्टर घेतात, पण मेहरबानी म्हणून. गर्दी असली की त्यांना चढूच देत नाहीत. हे चुकीचं आहे हे मलाही कळतं.

सरांनी २००६ चं उदाहरण दिलं ते बरोबर. पण तेव्हा पासाचे पैसे आधी जमायचे आणि वाटले जायचे. सरकारनं सवलत जाहीर करायची आणि भरपाई सावकाश द्यायची, ही वेगळी गोष्ट. दुसऱ्या प्रकाराला एकही मालक सही करणार नाही.

---

बडोदेकरीण

आमच्याकडचं चित्र उलटं आहे म्हणून लिहिते. माहेर इंदूरचं, सासर बडोद्याचं, दोन्हीकडच्या बसचे धक्के खाल्लेत.

गुजरातेत एसटी महामंडळ शाबूत आहे. पादरा, डभोई, करजण, सावली, वाघोडिया, सगळीकडे एसटी जाते. गावाकडून शाळा-कॉलेजला येणाऱ्या मुलींचा पास फुकट, मुलांना भरघोस सवलत. यंत्रातून छापील तिकीट, यूपीआय चालतं. तुम्ही मागता त्यातलं बरंचसं आहे म्हणा ना.

तरी गंमत बघा. बडोद्याला रेल्वे स्टेशन, एसटीचा नवा डेपो आणि सिटी बसचा स्टँड हाकेच्या अंतरावर आहेत. डभोईकडून आलेली मुलगी एसटीतून उतरते आणि तिथं तिचा पास संपतो. पुढे सिटी बसचं वेगळं तिकीट. गावची बस सगळी एकट्या एसटीची असूनही सिटी बसशी जोडणी होत नाही, कारण दोन दुकानांचे गल्ले वेगळे.

आणि दुसरं. पास फुकट असला तरी सकाळची बस चुकली की पुढची कधी, हा प्रश्न आहेच. मग मुली फाट्यावर उभ्या राहून इको (सवाऱ्यांची खासगी व्हॅन) पकडतात. इकोत पास चालत नाही. जेवढ्यांदा इको, तेवढ्यांदा रोकडा. स्वस्त पासाची किंमत शेवटी बसच्या फेऱ्यांवर ठरते. इंदूरकरांनी पास मागताना फेऱ्या आधी मागाव्यात असं मला वाटतं.

अवांतर: डभोई ते मियागाम या मार्गावर १८६२ साली गायकवाडांनी नॅरोगेज टाकली, सुरुवातीला डबे ओढायला बैल होते. खेडं आणि पेठ जोडायची दूरदृष्टी तेव्हा होती. बैलांना टायमिंगवरून भांडायचं कारण नसावं.

---

प्रवासी पक्षी

@बडोदेकरीण, अवांतरात माझीही भर. इंदूर-खंडवा रेल्वेसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्ज दिलं होतं. म्हणजे दळणवळणात दरबारचा पैसा घालायची आपली परंपरा जुनी आहे.

आता मुद्द्याचं. मी काही वर्षं हॅम्बुर्गला होतो. एकत्रित तिकिटाचा उगम तिथलाच. १९६५ मध्ये तिथल्या वेगवेगळ्या वाहतूक कंपन्यांनी एक संघ केला: एक वेळापत्रक, एक दरपत्रक, एक तिकीट. तेव्हा ना मोबाइल होता ना कार्ड. कागदी तिकीट होतं. कोणाच्या वाट्याला किती पैसे, हे प्रवाशांची नमुना मोजणी करून ठरवायचे. आपल्याकडे चर्चा कायम यंत्रापासून सुरू होते म्हणून हे मुद्दाम सांगतो. अवघड भाग यंत्र नव्हे, वाटप आहे.

नंतर १ मे २०२३ ला जर्मनीनं अख्ख्या देशाला एक मासिक तिकीट दिलं, ४९ युरोत. २०२५ मध्ये ते ५८ झालं. शहरातल्यांनी डोक्यावर घेतलं. खेड्यातले म्हणाले, दिवसातून दोनदा बस येते, तिकीट घेऊन करू काय? अगदी बडोदेकरीण म्हणतात तेच. इंग्लंडचा प्रयोग मला खेड्यांसाठी जास्त पटतो. २०२३ च्या जानेवारीपासून तिथं बसच्या एकेरी तिकिटाला दोन पौंडांची कमाल मर्यादा घातली, २०२५ पासून ती तीन पौंड आहे. सर्वांत मोठा फायदा लांबच्या खेड्यातल्याला, कारण त्याचंच तिकीट महाग असायचं. आणि फरकाचे पैसे सरकार बसकंपनीला देतं.

---

हिशेबी

'फरकाचे पैसे सरकार देतं', हे वाक्य फार सहज लिहिलंत. तिथंच तर अख्खा खेळ आहे.

---

देपालपूरची बाई

मी उलट्या दिशेची प्रवासी. राहते वैशाली नगरला, शाळा देपालपूर तहसिलीत. सकाळी शहरातून खेड्याकडे, दुपारी परत. माझ्यासारख्या शिक्षिका, नर्सबाई, पटवारी, बँकेतली माणसं, बरेच जण आहोत. एकत्रित तिकिटाच्या गप्पांत आम्ही कधी नसतो, पण सकाळी शहराकडून रिकाम्या जाणाऱ्या सीटा आम्हीच भरतो. मध्याच्या मामांनी हेही हिशेबात धरावं.

काही गोष्टी ज्या फक्त रोज बसणाऱ्याला दिसतात:

किरायावरून भांडण माणसाचं कमी, सामानाचं जास्त होतं. भाजीची पाटी, दुधाचे कॅन, लसणाचं पोतं, शेळीचं पिल्लू. याचा दर कंडक्टरच्या तोंडात. आठवडी बाजाराच्या दिवशी बाया गयावया करताना बघवत नाही. पास काढायचा तर त्यात 'एक नग सामान' लिहून टाका, निम्मी कटकट मिटेल.

तिकीट हातात नसलं तर उद्या काही बरंवाईट झालं, तर आपण त्या गाडीत होतो याचा कागद नाही. हे कोणी बोलत नाही. ज्यांच्या घरी प्रसंग आलाय त्यांना विचारा, नुकसानभरपाईला किती खेटे घालावे लागतात.

आणि शेवटची गाडी. मुलींना कॉलेजातून काढतात ते निव्वळ पैशापायी नाही. संध्याकाळची बस भरली नाही म्हणून ती सुटत नाही, मुलगी अंधारात फाट्यावर उतरते, तिथून मॅजिक मिळेल की नाही ठाऊक नसतं. दोनदा असं झालं की बाप म्हणतो, पुरे. मॅजिकलासुद्धा पासात घेतलं आणि शेवटच्या बसला जोडून त्याची फेरी बांधून दिली, तर मी म्हणेन योजना झाली. मॅजिक वगळलं तर गाव जिथल्या तिथे राहील.

---

महूचा मध्या

बाईंचं सामानाचं एकदम बरोबर. आमच्या कंडक्टरची वरकमाई त्यातच आहे, म्हणून तर दर कुठे लिहिलेला नसतो.

---

धुळेकर आत्या

माझ्या भाचरांना भेटायला मी इंदूरला येते. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. पण सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत! पळासनेर ओलांडलं की पुढचा पूर्ण दर. गाडी तीच, सीट तीच. कंडक्टर हिशेब करून देतो निमूटपणे. म्हणजे एका तिकिटात दोन दर, दोन सरकारं बसवता येतात. मग तुमच्या जिल्ह्यात तीन गाड्या का बसू नयेत?

---

कोडगा

आत्यांनी नकळत सॉफ्टवेअरचं उत्तर दिलंय. तिकिटाच्या यंत्राला दोन दर, तीन मालक, चार सवलती काहीही जमतं. बोलूया जरा यंत्राबद्दल, कारण माझा तोच धंदा.

सध्या खासगी बसमध्ये यूपीआय आलंय म्हणून लोक खूश आहेत. ते पैसे कंडक्टरच्या किंवा मालकाच्या खात्यात जातात, सुट्ट्यांचा वाद मिटतो, बास. कोण कुठून कुठे गेला याची नोंद होत नाही, आणि नोंद नाही तर वाटप नाही. यूपीआयला तिकीट समजू नका.

देशभर बस-मेट्रोत चालावं असं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड २०१९ च्या मार्चमध्ये आलं. त्याचा गुण असा की शिल्लक कार्डातच असते, दोन हजारांपर्यंत, त्यामुळे नेटवर्क नसलं तरी चालतं. चोरलच्या घाटात हे कामाचं आहे. पण प्रत्येक गाडीत वाचणारं यंत्र हवं, आणि मॅजिकवाला ते बसवेल यावर माझा विश्वास नाही.

चेन्नईत २०२५ च्या सप्टेंबरात बस, मेट्रो आणि लोकल यांना एक ॲप मिळालं, ऑक्टोबरात मुंबईलाही मिळालं. छान आहेत. पण तिथं बहुतेक चालक संस्था सरकारी किंवा निमसरकारी आहेत. आपल्याशी जास्त जुळणारं उदाहरण कोचीचं. तिथल्या खासगी बसमालकांनी एकत्र येऊन कंपन्या केल्या आणि मेट्रोशी करार केला. आणि खेड्यांपुरतं बघायचं तर ओडिशा. २०२३ मध्ये मलकानगिरीपासून त्यांनी ग्रामपंचायत ते तालुका अशा बस सुरू केल्या. आधी नाव 'लक्ष्मी' होतं, सरकार बदललं तसं नावही बदललं, पण बस चालू आहेत.

माझा सल्ला, धंद्याच्या विरुद्ध: पास कागदाचा काढा. फोटो, शिक्का, महिन्याची रंगीत चिकटी. यंत्र फक्त बसमध्ये ठेवा, तेही मोजणीला. पासवाला चढला की कंडक्टरनं एक बटण दाबायचं, शून्य रुपयाचं तिकीट निघेल. नेटवर्क आलं की आकडा आपोआप कंपनीकडे जाईल. मॅजिकला यंत्र नको, त्याला फेरीमागे ठरीव रक्कम द्या.

---

तिरकस

आणि कंडक्टर दिवसभर बटण दाबत बसेल, पासवाले असोत नसोत. मालक म्हणेल, बघा, आमच्या गाडीत आज सगळा जिल्हा बसला होता.

---

कोडगा

हो, होईल. म्हणून माणशी पैसे द्यायचेच नाहीत. किलोमीटरमागे द्यायचे. जीपीएस सांगेल गाडी किती धावली, वेळेवर निघाली का. बटणाची मोजणी फक्त पुढच्या वर्षी फेऱ्या कुठे वाढवायच्या ते ठरवायला.

---

रामबागकर

कोडगा, हे फार महत्त्वाचं बोललात, आणि हिशेबींच्या आकड्यांशी ते जुळतं. जोडायचा आहे तो गल्ला. तिकीट मग आपोआप जोडलं जाईल. मालकाला सवारीमागे पैसे मिळतात तोवर तो फाट्यावर थांबणार, पासवाल्याला टाळणार, पुढच्या गाडीला ओव्हरटेक करणार. किलोमीटरमागे मिळाले की त्याला वेळेवर सुटण्यात फायदा. पासवाला मग त्याचा दुश्मन राहत नाही. आणि हे इंदूरला नवं नाही. बीआरटीवरच्या आयबसच्या ऑपरेटरला किलोमीटरमागेच पैसे मिळायचे.

हिशेबी, आता तुम्हीच सांगा, तूट कोणी भरायची?

---

हिशेबी

मला वाटलंच होतं घंटा माझ्याच गळ्यात येणार.

एका बसचा रोजचा खर्च मध्याच्या मामांकडून घ्यावा, मी अंदाज ठोकत नाही. पण रचना सांगतो. पासाचे पैसे, रोख तिकिटाचे पैसे आणि सरकारी सवलतीचे पैसे, तिन्ही एका एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरल्या अटींप्रमाणेच पैसे सुटतील अशा बँकेनं सांभाळायच्या खात्यात. बँक दर आठवड्याला त्या खात्यातून मालकांना किलोमीटरप्रमाणे देईल, कंपनीच्या बाबूच्या सहीची वाट न बघता. विद्यार्थ्यांच्या सवलतीची रक्कम त्या-त्या सरकारी विभागानं तिमाहीच्या सुरुवातीला आगाऊ भरायची. महाराष्ट्रातही सवलतीची भरपाई राज्य सरकारच एसटीला देतं. फरक इतकाच की इथं ती आधी यायला हवी, कारण मामांकडे महामंडळासारखी ताकद नाही.

पैसा येणार कुठून? सीटमागे जो टॅक्स मामा भरतात, तो पासाच्या मार्गावरच्या गाड्यांना माफ करा. सरकारच्या खिशातून नवा रुपया न काढता तुटीचा एक मोठा तुकडा भरून निघेल. उरलेला द्यावाच लागेल. त्याला अनुदान म्हणा, काही म्हणा. रस्ता बांधताना कोणी विचारत नाही की रस्त्याला नफा किती.

---

बडोदेकरीण

शेवटच्या वाक्यासाठी हिशेबींना दंडवत. सीएच्या तोंडून ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

---

महूचा मध्या

मामांना धागा वाचून दाखवला. आधी हसले. मग आठवड्याच्या पेमेंटचं दोनदा विचारलं. म्हणाले, ठरल्या वारी पैसे पडत असतील आणि टॅक्स सुटत असेल तर सवारीमागे धावायची हौस कोणालाच नाही, ड्रायव्हरचं ब्लडप्रेशर तरी उतरेल.

पण त्यांची एक शंका आहे आणि ती रास्त आहे. लग्नसराईत गाड्या वऱ्हाडाला जातात. एका दिवसात आठवड्याची कमाई होते. सभा-मेळाव्यांना गाड्या 'मागवल्या' जातात. निवडणुकीला तर कायद्यानंच अधिग्रहण होतं. त्या दिवशी मार्गावर बस नसते आणि पासवाला फाट्यावर. दोष मग मालकाला. भगोरियाच्या, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी मेळ्यांच्या, आठवड्यात धार-झाबुआ बाजूला तर विचारायलाच नको, टपावरसुद्धा जागा नसते.

---

देपालपूरची बाई

गेल्या लग्नसराईत परीक्षेच्या दिवशी आमच्या मार्गाची सकाळची गाडी वऱ्हाडाला गेली होती. मुलं ट्रॅक्टरवर बसून केंद्रावर पोचली. करारात हे लिहूनच घ्या की पासाच्या मार्गावरची गाडी काढायची असेल तर बदली गाडी दिल्याशिवाय काढता येणार नाही, मग लग्न असो की सभा.

---

तिरकस

'सभा असो' हा शब्द मसुद्यात टिकला तर मी स्वखर्चानं सर्वांना छप्पन दुकानावर पोहे-जिलबी देईन.

---

रामबागकर

पोहे नक्की समजतो.

आपल्या मागणीचा मसुदा लिहायला घेतलाय. आतापर्यंतचं असं दिसतंय: आधी एकच मार्ग, वर्षभर. विद्यार्थी आणि रोज येणारे-जाणारे कामगार या दोघांनाच पास. पीथमपूरच्या कारखान्यांत जाणारे मजूर त्यात धरायचे की नाही, यावर माझं मन ठरत नाही. त्यांच्या पाळ्या वेगळ्या, रात्रीची बस लागेल, खर्च वाढेल. पासात फाट्यापर्यंतचं मॅजिक आणि शहरातली सिटी बस दोन्ही. एक नग सामान. मालकाला किलोमीटरमागे पैसे, आठवड्याला, एस्क्रोतून. पासाच्या मार्गावर सीटमागचा टॅक्स माफ. शेवटच्या बसची वेळ ठरलेली, भरो न भरो सुटणार, तिला जोडून मॅजिक. बदली गाडीची अट.

मार्ग म्हणून मी इंदूर-महू-मानपूर सुचवतो. गर्दी आहे, रस्ता चांगला, मध्याचे मामा तयार आहेत. शिवाय महूपासून सनावदकडे जाणारी मीटरगेज २०२३ मध्ये बंद झाली, त्या बाजूच्या गावांचा भार तेव्हापासून बसवरच आहे.

---

कोडगा

+१. महू मार्गावर नेटवर्कही बरं आहे, मोजणी पहिल्या महिन्यापासून नीट मिळेल.

---

देपालपूरची बाई

माझा विरोध नोंदवा.

महूला रेल्वे आहे. महू-इंदूर गाड्या आहेत, बस दर काही मिनिटांनी आहे. तिथं योजना यशस्वी झाली तर त्यातून काय कळणार? जिथे आधीच जमतंय तिथे जमलं. देपालपूर गावाला रेल्वे नाही, संध्याकाळनंतर गाडी नाही, मॅजिकवाल्यांची मनमानी आहे. प्रयोग तिथं करा. तिथं चालला तर जिल्ह्यात कुठेही चालेल.

---

हिशेबी

बाई, पहिल्याच प्रयोगात तूट जास्त दिसली तर वर्षभरात फाइल बंद होईल. मी महूच्या बाजूचा.

---

बडोदेकरीण

मी देपालपूरच्या. महूचे आकडे चांगले आले तर सरकार दुसरा मार्ग निवडेल महूच्याच वाटेवरच्या राऊचा, तिसरा पुन्हा महूचा. बडोद्यात फेऱ्या वाढताना मी हेच बघितलंय. गर्दी असते तिथेच बस वाढते.

---

महूचा मध्या

मामा म्हणतात, देपालपूर मार्गावर त्यांचे एक व्याही आहेत, तीन गाड्यांचे मालक. विचारून बघतो. ते माझ्या मामांहून कडक आहेत, टॅक्समाफीचा कागद बघितल्याशिवाय बोलणार नाहीत.

---

रामबागकर

मग मसुद्यात दोन्ही मार्ग टाकतो, एक गर्दीचा आणि एक अडचणीचा. दोघांचे हिशेब वेगवेगळे ठेवायचे, म्हणजे महूचा नफा दाखवून देपालपूर झाकलं जाणार नाही आणि देपालपूरची तूट दाखवून महू बंद पडणार नाही. हिशेबी, हे चालेल?

---

हिशेबी

वेगवेगळे हिशेब असतील तर चालेल. दोन्ही मार्गांच्या सध्याच्या वेळा आणि फेऱ्या मात्र कोणीतरी खऱ्या द्या. कागदावरच्या परमिटाच्या वेळा नकोत, प्रत्यक्ष गाडी सुटते त्या.

---

देपालपूरची बाई

गंगवालहून सुटणाऱ्या माझ्याकडे वहीत लिहिलेल्या आहेत, कोणत्या वारी कोणती गाडी दांडी मारते तेही. उद्या शाळेतून आले की फोटो टाकते. मॅजिकच्या वेळा मागू नका, त्या ड्रायव्हरलाही माहीत नसतात.